उन्हाची बाजू

नाना बोरसे गेल्याचं कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गात, मागच्या डाव्या कोपऱ्यात उभा होतो. घटक चाचणी चालू होती. शिपाई दारातून डोकावला, मी जवळ गेलो, तर तो हळूच म्हणाला, "सर, ऑफिसात धुळ्याहून फोन होता. बोरसे नाना गेले म्हणे सकाळी." मी मान हलवली आणि परत कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. पेपर सुटायला वीसेक मिनिटं होती. रडू वगैरे काही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की हा कोपराही त्यांचाच. वर्गासमोर टेबलाशी उभं राहिलं की पोरांचे चेहरे दिसतात, हात दिसत नाहीत. मधून फेऱ्या मारल्या तर आपल्या पाठीमागे काय चाललंय ते देवाला ठाऊक. मागच्या कोपऱ्यातून तिरकं पाहिलं की दोन बाकांमधली फट दिसते, आणि कॉपीचा सगळा व्यवहार त्या फटीतच होत असतो. नाना एकदा जळगावला आमच्या शाळेत आले होते, परीक्षेच्याच दिवसांत. दारातून मला टेबलाशी उभा पाहून म्हणाले होते, "मास्तर, तुनी जागा चुकनी." तेव्हापासून मी कोपऱ्यात उभा राहतो. पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

याला आता सहा आठवडे झाले. नानांवर लिहायचं तर त्यांचे गुण लिहावेत, चार आठवणी सांगाव्यात आणि नमस्कार करून थांबावं, अशी रीत आहे. माझी अडचण वेगळी आहे. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची राहिली. दोन-चार दिवस नाही, चांगली एकोणीस वर्षं राहिली. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा करण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि स्वतःच्या एका चुकीपाशी आलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून तोंडानं जमलं नाही ते लिहून जमतं का, ते बघतो आहे.

नाना धुळ्याच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन वाचायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. बाकी त्यांचा सगळा जीव फुटबॉलच्या रेफ्रीगिरीत. खानदेशात कुठला फुटबॉल, असं बाहेरची मंडळी विचारतात. आहे बाबा, आहे. कापूस आणि केळी यांच्यामधून जेवढी जागा उरते तेवढ्यात आहे. आणि नानांच्या लेखी ही दोन्ही कामं एकच होती. त्या काळचा काटा मोठ्या तबकडीचा, घड्याळासारखा. काट्याच्या एका अंगाला शेतकरी, दुसऱ्या अंगाला व्यापाऱ्याचा माणूस. एकाला सुई थोडी पुढे दिसायची, दुसऱ्याला थोडी मागे, आणि दोघं हमरीतुमरीवर यायचे. नाना दोघांना हातानं बाजूला सारायचे, बरोबर सुईच्या समोर उभे राहायचे, गुडघे जरा वाकवून डोळे सुईच्या उंचीला आणायचे आणि मगच पुकारायचे. दोघांतलं कोणीच खोटं बोलत नव्हतं, असं ते मला नेहमी सांगत. ज्याला जिथून जसं दिसलं तसं तो बोलला, एवढंच. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे लाल दिव्यात चमकायला लागले, कुठूनही बघा सारखेच. नानांना ते काटे फारसे आवडले नाहीत. यात माणसानं उभं कुठे राहायचं तेच ठरवावं लागत नाही, ही त्यांची तक्रार.

आमची ओळख एका गैरहजर माणसामुळे झाली. मी अमळनेरचा, जळगावच्या शाळेत नुकताच गणिताचा शिक्षक म्हणून लागलो होतो. शाळेचा संघ घेऊन धुळ्याला गेलो. खेळाचे शिक्षक आजारी म्हणून माझी रवानगी झाली होती, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सामन्याचा एक लाइनमन आलाच नाही. काळी हाफपँट, काळा शर्ट आणि पांढऱ्या मिशा अशा थाटाचा एक उंच माणूस आमच्या घोळक्यापाशी आला आणि म्हणाला, "तुमच्यात गणिताचे मास्तर आहेत म्हणे कोणी?" पोरांनी लगेच माझ्याकडे बोटं दाखवली. पोरं ती पोरंच. "कोन-त्रिकोण शिकवता ना? मग हा झेंडा घ्या," असं म्हणून त्यांनी झेंडा माझ्या हातात दिला. त्या दिवशी ते मला 'तुम्ही' म्हणाले. दुसऱ्या सामन्यापासून 'तू' झालं, आणि 'मास्तर' मात्र शेवटपर्यंत राहिलं.

पहिला धडा असा, की लाइनमननं चेंडूमागे पळायचं नाही. गोलकीपर सोडून बचाव करणाऱ्यांतला जो शेवटचा गडी, त्याच्या बरोबर रेषेत बाहेरच्या चुन्याच्या फक्कीवर राहायचं. तो सरकला की आपण सरकायचं, पावलाला पाऊल. कारण चेंडू पुढे टोलवला जातो त्या क्षणी हल्ला करणारा त्या गड्याच्या पुढे आहे की मागे, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. पुढे असला तर ऑफसाइड, झेंडा वर. मागे असला तर गुपचूप चालू द्यायचं. मी म्हटलं, यात काय, कुठूनही दिसेल की. नाना संध्याकाळी मला घरी घेऊन गेले, देवपूरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसवलं आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, पाण्याचे दोन पेले आणायला सांगितले. एक पेला माझ्याजवळ ठेवला, दुसरा पार ओट्याच्या पलीकडच्या टोकाला. मग मला मागे सरकवत म्हणाले, "आते देख. पुढे कोन शे?" मला जवळचा पेला पुढे दिसला. त्यांनी मला दोन हात पुढे सरकवलं. आता लांबचा पेला पुढे! तिसऱ्यांदा मला दोन्ही पेल्यांच्या रेषेत आणून बसवलं, आणि खरं काय ते दिसलं. जवळचा पेला चांगला चार बोटं मागे होता. मी शाळेत समांतर रेषा शिकवणारा माणूस, पण अशी मान खाली घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी पानी तर पी ल्या, मंग करा काय पुढेमागे करनं ते."

मग मला नादच लागला. सामना असला की मी शनिवारची शाळा सुटल्यावर एसटी पकडून धुळ्याला जायचो, आणि सामन्यापेक्षा नाना कुठे उभे राहतात तेच बघायचो. रेफ्री मैदानाच्या मधोमध का उभा राहत नाही? कारण मधोमध उभं राहिलं की अर्धा खेळ पाठीमागे जातो, आणि वर चेंडूच्या वाटेत आपलीच धोंड. म्हणून तो एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे पळतो. ज्या बाजूला रेफ्री जातो त्याच्या समोरच्या बाजूला लाइनमन असतो, म्हणजे खेळ कुठेही असो, तो दोघांच्या कात्रीत सापडतो. एकाला गड्याची पाठ दिसते तेव्हा दुसऱ्याला पोट दिसतं. कॉर्नरच्या वेळी नाना चेंडूकडे बघतच नसत. गर्दीच्या जरा बाहेर, अशा कोनात उभे राहत की गोलकीपरचे हात आणि त्याला रेटणाऱ्यांचे कोपर दोन्ही दिसावेत. जवळ जाऊनही उपयोग नसतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. दोन गडी भिडले आणि रेफ्री त्यांच्या अगदी मागे असला तर त्याला एकच माणूस दिसतो. दोन पावलं बाजूला झाला की दोघांमधली फट दिसते, आणि ढकललं कोणी, पडलं कोण ते कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की सुटत नाही. लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही नाना आधी जागा हेरायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. फोटोवाल्याच्या आड आपण येऊ नये म्हणून हा गृहस्थ मांडवाच्या तिरक्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. संपूर्ण अल्बममध्ये वधूपित्याचा एकच फोटो आहे, तोही कन्यादानाचा, कारण तिथून त्यांना हलता येईना.

प्रत्येक सामन्यानंतर त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. पॅव्हिलियनच्या पायरीवर बसायचं, पिशवीतून शंभरपानी वही काढायची, पट्टीनं मैदान आखायचं आणि ज्या निर्णयावर वाद झाला असेल तो मांडायचा. गड्यांच्या जागी फुल्या, स्वतःच्या जागी गोल, दोन्ही लाइनमनच्या जागी छोटे त्रिकोण. सावली कुठपर्यंत होती तेही ते पेन्सिलीच्या तिरक्या रेघांनी दाखवत. लाइनमनचा त्रिकोण मात्र ते मनानं कधी काढत नसत. आधी विचारत, "कोठे उभा व्हता?" आपण सांगायचं, मग तिथे त्रिकोण. मी एकदा म्हटलं, तुम्हाला दिसत असतंच ना, विचारता कशाला? तर म्हणाले, ज्याची जागा त्यानं सांगावी.

सावलीचं आता सांगायलाच हवं, कारण आमच्या भागात तिच्याशिवाय काही हलत नाही. धुळ्याचं ते मैदान उत्तर-दक्षिण. पश्चिमेच्या भिंतीला लागून कडुनिंबाची रांग. स्पर्धा नेमक्या परीक्षा संपल्यावर, चैत्र-वैशाखात. दुपारी साडेचारला सामना सुरू झाला की निंबांची सावली पश्चिमेच्या फक्कीवर आणि आत मैदानात पडायची. त्या बाजूच्या लाइनमनची पाठ उन्हाकडे आणि डोक्यावर सावली, म्हणजे सासरवाडीचा पाहुणाच. पूर्वेच्या लाइनमनला डोक्यावर काही नाही आणि समोरून सूर्य थेट डोळ्यांत. तापलेला तवा उलटा करून तोंडासमोर धरावा तसं. नानांचं निरीक्षण असं, की उन्हाळ्यात चेंडूसुद्धा सावलीतून बाहेर यायला राजी नसतो. "बठ्ठा सावलीमा जातस," सगळेच सावलीत जातात, असं म्हणून ते हसायचे. गडी नकळत निंबाकडे सरकतात, खेळ त्या अंगाला कलतो, प्रेक्षक तर तिथे असतातच. म्हणून त्यांनी एक शिरस्ता पाडला होता. जुना लाइनमन उन्हाच्या बाजूला, नवा सावलीत. डोळे दिपले तरी जुना सांभाळून घेईल, नव्याला त्रास नको. पहिली तीन वर्षं मी सावलीत होतो.

माझी ती चूक झाली त्या तिसऱ्या वर्षीच्या फायनलला धुळ्याचा एक नावाजलेला संघ होता आणि समोर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा संघ. ही मंडळी पावसावरची शेती करणारी, हंगामात महूची, म्हणजे मोहाची, फुलं वेचणारी, मजुरीला जाणारी. निम्म्यांच्या पायात बूटही धड नव्हते, पण पळत अशी की बघत राहावं. त्यांचा पुढचा गडी जगन पावरा, वीस-एकवीस वर्षांचा असेल. गाव फायनलला येण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून दोन जीपगाड्या भरून माणसं आली होती, बायका पोरंबाळं घेऊन. धुळ्याचा एक गोल झाला होता, आणि सामना संपायला काही मिनिटं उरली होती. माझ्या अर्ध्या भागातला शेवटचा निंब जिथे संपत होता, तिथे सावलीही संपत होती. बचावाचा शेवटचा गडी त्याच्या पुढे, गोलकडे सरकला होता, पण तो पार पलीकडच्या अंगाला, पूर्वेकडे. नियमानं मी त्याच्या रेषेत, उन्हात जायला हवं होतं. ऊन कसलं, नुसती भट्टी. पायाखालची फक्की तापलेली, घशाला कोरड... मी सावलीच्या काठावर थांबलो. चार-पाच पावलांचा प्रश्न, इथूनही दिसतंय की, असं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात चेंडू आला. जगन माझ्या बाजूनं, अगदी जवळून सुसाट निघाला आणि मला तो पुढे दिसला. म्हणजे ओट्यावरचा जवळचा पेला. माझा झेंडा वर गेला. जगननं चेंडू जाळ्यात मारला, जीपवाली सगळी माणसं आरोळी ठोकत उठली, आणि मग नानांनी माझा झेंडा बघून शिट्टी मारली. गोल नाही. मी खाली पाहिलं. माझे बूट सावलीत होते. त्या क्षणी मला कळलं की मी चुकलो, हे मी आज स्पष्ट लिहितो. पुढे पंधरा-वीस सेकंद तरी झेंडा खाली घेऊन नानांना हाक मारायला वेळ होता. मी मारली नाही. सामना संपल्यावर जगन माझ्याकडे आला. भांडायला नाही. छातीवर हात ठेवून, धापा टाकत त्यानं एवढंच विचारलं, "मी पुढं होतो का, सर?" मी म्हटलं, "होतास." त्यानं मान हलवली आणि गेला. जीपगाड्या गेल्या तेव्हा त्यात कोणी गात नव्हतं.

पायरीवर नाना वही उघडून बसले होते. मैदान आखून झालं होतं, फुल्या मांडून झाल्या होत्या. मला बघून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोठे उभा व्हता, मास्तर?" मी म्हटलं, "लाइनीतच होतो, नाना." त्यांनी पेन्सिल उचललेली होती, ती तशीच राहिली. मग त्यांनी "बरं" म्हटलं, वही मिटली आणि पिशवीत टाकली. चहा प्यायला आम्ही बरोबरच गेलो.

पुढच्या स्पर्धेत त्यांनी मला उन्हाच्या बाजूला उभं केलं. मला वाटलं, बढती मिळाली. जळगावला येऊन बायकोला सांगितलं, शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, नानांनी आता मला जुन्यांत धरलं म्हणून. मनात खुपत होतं ते या बढतीनं जरा दबलं. त्यांनी माझं खरं मानलं, नाहीतर उन्हाची बाजू दिली असती का, असा मी हिशोब मांडला. पुढे दहा वर्षं, नानांनी शिट्टी ठेवली तोपर्यंत, एकही सामना मी सावलीत उभा राहिलो नाही. नंतर दोन नवे लाइनमन आले, आणखी एक माझ्यापेक्षा ज्येष्ठ होता, तरी ऊन माझंच. डोळ्यांतून पाणी वाहायचं, मानेची कातडी सोलून निघायची. घरचे म्हणत, चेहरा पार करपला. मी आपला छाती फुगवून, नानांचा विश्वास आहे म्हणायचो.

शेवटची भेट मागच्या हिवाळ्यातली. बाजारातल्या धुळीनं त्यांना दमा दिला होता, तो आता छातीवर बसला होता. खोलीत पलंग भिंतीला लावलेला नव्हता, तिरका टाकलेला होता. मी बघतोय हे पाहून अक्का म्हणाल्या, "तिरपा पलंग कोनी ठेवस का? पन आयकतस का हाई?" तिरक्या पलंगावरून नानांना रस्त्याचं दार आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही दिसत होतं. मी त्या दिवशी ठरवूनच गेलो होतो. अक्का चहा टाकायला आत गेल्यावर म्हटलं, "नाना, त्या फायनलला... जगन पावराच्या..." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. थांबले. चांगले थांबले. आणि मी म्हटलं, "काय ऊन होतं हो त्या दिवशी." नानांना हसू आलं, हसता हसता खोकला आला. खोकला ओसरल्यावर म्हणाले, "पन तुले ऊन मानवनं, मास्तर." मी चहा पिऊन निघालो. माझ्या भित्रेपणाची मला अशी चीड फार थोड्या वेळा आली असेल.

तेराव्याला गेलो तेव्हा अक्कांनी वह्यांचा गठ्ठा बांधून ठेवला होता. "तुम्हीन लई जा, आठे कोन देखस?" घेऊन जा, इथे कोण बघतं, एवढंच म्हणाल्या. परतीच्या एसटीत मी ती वही शोधून काढली. पान सापडलं तेव्हा वाटेतलं पारोळा मागे गेलं होतं की यायचं होतं, ते मला आठवत नाही. निंबांची सावली तिरक्या रेघांनी दाखवलेली. जगनची फुली. पलीकडे पूर्वेच्या अंगाला बचावाच्या गड्याची फुली, आणि तिच्या अगदी शेजारी नानांचा गोल. म्हणजे तो गडी नानांच्या हाताच्या अंतरावर होता, जगन त्याच्या मागे होता हे नंतर त्यांना जुळवता आलंच असणार. दोन फुल्यांमधून एक बारीक तुटक रेघ ओढली होती आणि तीत जगन एक पाऊल मागे होता. पूर्वेच्या लाइनमनचा त्रिकोण होता. माझा नव्हता. मी बाकीची पानं उलटली, सगळ्या वह्या उलटल्या. प्रत्येक पानावर दोन त्रिकोण. फक्त त्या पानावर एक. ते मला सावलीत दाखवू शकले असते, झेंडा बघताना त्यांनी मला पाहिलं होतं. रेषेत दाखवू शकले असते, मी तसं सांगितलं होतं. दोन्ही न करता त्यांनी ती जागा कोरी का ठेवली, याचा विचार मी कितीतरी दिवस करत राहिलो. आणि मग लक्षात आलं, की नाना नसले तरी हे ज्याला सांगायला हवं असा आणखी एक माणूस आहे.

जगन आता सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवतो. मी त्याला भेटायला गेलो, चोपड्यापर्यंत एसटी, पुढे जीप. मैदान म्हणजे एक सपाट माळ, एका अंगाला दोन महूची झाडं. केस पिकायला लागलेत, पण चाल तीच. मी नाव सांगितल्यावर त्यानं ओळखलं. पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "जगनभाऊ, त्या फायनलला तुम्ही पुढे नव्हता. तुमचा गोल बरोबर होता. मी सावलीत उभा राहून चुकीचा झेंडा दाखवला."

त्यानं माळावरच्या मुलींना सराव चालू ठेवायची खूण केली. मग म्हणाला, "माहीत आहे, सर. नाना सांगून गेले होते."

"कधी?"

"दुसऱ्याच रविवारी. एसटीनं आले, तिथून पायी. सगळी टीम बोलावली. म्हणाले, गोल बरोबर होता, चूक माझी आहे. नवीन माणसाला मी सावलीत उभं केलं, अन् सावली माणसाला धरून ठेवते. म्हणाले, आता त्याला पुन्हा सावली देणार नाही." जगननं माझा पेला पुन्हा भरला. "तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी. आमच्यातले काही चिडले, एक-दोघं वेडंवाकडं बोलले नानांना. त्यांनी ऐकून घेतलं. जेवून गेले."

मला आधी हसू आलं. दहा वर्षं मिरवलेली माझी बढती! आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं. माझ्या खोट्यासाठी त्या माणसानं एवढ्या लांब येऊन शिव्या खाल्ल्या आणि सोमवारी काट्यावर उभा राहिला, मला अवाक्षर न बोलता. मी त्यांच्या पायाशी बसून हे सांगितलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, या विचारानं मला तिथेच रडू फुटलं. जगननं रडू दिलं. नंतर म्हणाला, "गोलचं जाऊ द्या, सर. पण मी तुम्हाला येऊन विचारलं होतं. तुम्ही 'होतास' म्हणालात. ते मला जास्त लागलं."

मुलींचा सरावाचा सामना सुरू व्हायचा होता. "लाइनमन नाही माझ्याकडे. थांबता का?" जगननं विचारलं. मी झेंडा घेतला आणि महूची झाडं सोडून समोरच्या बाजूला गेलो. ऊन कलतीचं, थेट डोळ्यांत. एक्कावन्नाव्या वर्षी पावलाला पाऊल पळताना धाप लागली, पण शेवटच्या मुलीची रेषा सोडली नाही. सामना झाल्यावर मी पिशवीतून नानांची वही काढली आणि जगनला ते पान दाखवलं. तो वाकून, बोट ठेवून बघत राहिला. स्वतःची फुली, ती तुटक रेघ, निंबांची सावली. मग त्यानं पश्चिमेच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही कुठे उभे होतात?"

हजेरीपटाला दोरीनं बांधलेली त्याची पेन्सिल मी घेतली. नानांच्या तिरक्या रेघांमध्ये, सावलीच्या आत, एक छोटा त्रिकोण काढला. एक बाजू वाकडी आली. जगननं त्रिकोणापासून बचावाच्या गड्याच्या रेषेपर्यंत अंदाज घेतला.

"म्हणजे पाचेक पावलं मागे होतात," तो म्हणाला.

"सहा," मी म्हटलं.